उजेडाचे दाणे

गुरुवार, २५ नोव्हेंबर १९९९, सातपूर

हात शाबूत आहे. उजवाच.

काल मनीषाने बारावीच्या पुस्तकातून वाचून सांगितलं, "पप्पा, उजेडाचेपण दाणे असतात. एका दाण्याला फोटॉन म्हणतात. वजन शून्य!" मी हसलो. आमच्या कारखान्यातल्या पत्रा दाबायच्या प्रेस मशीनपुढे एका खांबातून दुसऱ्या खांबात असाच उजेड जातो. त्यात हात आडवा आला की मशीन थांबतं. कामाचा खोळंबा नको म्हणून आम्ही सगळेच ते खांब कडेला सरकवून समोरासमोर ठेवतो. उजेड मशीनला मिळत राहतो, हात मोकळे. आज ते दाणे डोक्यात होते, म्हणून खांब जागेवर आणले. गंमत म्हणूनच ना? हो, गंमत म्हणूनच.

चारच्या सुमारास पत्रा अडकला. पाय पेडलवर होता, मशीन खाली येत होतं आणि मी हात घातला. उजवाच. साठ टनांचं मशीन बोटांच्या वीतभर वर थांबलं. ज्याला वजनच नाही, त्याने थांबवलं!

घरी आलो तर मनीषाने विचारलं, "फोटॉन लक्षात आहे ना?" उजवा पंजा तिच्यापुढे धरला.

तिला वाटलं, टाळी मागतोय. तिने हसत दिली.