दोन्या ओब्दुलियाने मागितलेली यापा

प्रिय न्यान्या, माझ्या बहिणी नार्सिसा,

परवा फोनवर तू इतक्या मोठ्याने हसलीस की आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय झालं रे तिला?" मी फक्त एवढंच सांगितलं होतं, की रक्त तपासणारी लॅबवाली दोन्या ओब्दुलिया गेली, मंगळवारी तिला पुरलं. तू म्हणालीस, "सुटले एकदाची! सहा वर्षं सांगतेय, ती बाई गावात आहे तोवर मी ग्वालासेओत पाय ठेवणार नाही. आता येते, न्यान्यो. डिसेंबरात येते." मी काही बोलायच्या आत तू फोन ठेवलास. आईने त्याच दिवशी तुझ्या मेजवानीला भाजायला दोन गिनीपिग वेगळे काढले आणि त्यांना रोज ताजं गवत घालते. तुला विमानतळावरून आणायला गाडी कोणाची सांगितली, हे मला दिवसातून दोनदा विचारते. मी म्हणतो, बघतो.

अंत्ययात्रेला आम्ही पाच जण होतो, त्यातले एक फादर. आपल्याकडे साधा जोडे शिवणारा गेला तरी अख्खी गल्ली घरच्या खुर्च्या घेऊन दारात येऊन बसते, हे तुला सांगायला नको. तिच्या दारात एकही खुर्ची आली नाही. पेटी उचलायला माणसं कमी पडली म्हणून एक कोपरा मी धरला. तू म्हणशील, तू कशाला मरायला गेला होतास तिथे? तेच सांगायला बसलोय, पण शब्द पुढे सरकत नाहीत. हा चौथा कागद आहे.

तिने लॅबसाठी संगणक माझ्याच दुकानातून घेतला, हे तुला माहीत आहे. तेव्हा आमचं काय बोलणं झालं ते मात्र माहीत नाही. ती वहीत प्रश्न लिहून आली होती. चष्मा नाकावर ओढून म्हणाली, "एलाडिओ, मुला, यातल्या सिस्टिमचे म्हणे दोन प्रकार असतात, होम आणि प्रो. माझ्यासारखीने कुठला घ्यावा?" मी थट्टेवारी नेलं. म्हणालो, "तुमची लॅब कुठे आहे, दोन्या? घराच्या पुढच्या खोलीत ना? मग होमच की!" ती हसली, पण हटली नाही. "अरे, पण प्रो वेगळा कशाने?" मला उत्तर तोंडपाठ होतं. त्या मशीनवर प्रो घातला असता तर सगळी डिस्क कुलूपबंद करता आली असती. मशीन चोरीला गेलं, चोराने डिस्क काढून दुसरीकडे जोडली, तरी आतलं एक अक्षर वाचता येत नाही. त्या होममध्ये ती सोय नव्हती. लोकांच्या रक्ताचे निकाल सांभाळणाऱ्या बाईला दुसरं काही ऐकायची गरजच नव्हती. पण फळीवर होमवालंच मशीन होतं आणि मला दुपारी जेवायला घरी जायचं होतं. मी म्हणालो, "ते मोठ्या कंपन्यांचे चोचले. तुम्हाला पासवर्ड पुरे."

मग तिने यापा मागितली. मागणारच. बाजारात बटाटे घेतले तरी वर ओंजळभर फुकट पडल्याशिवाय आपल्याकडे कोणी हलत नाही. ती म्हणाली, "मग तो प्रोच घाल की यापा म्हणून." आणि न्यान्या, माझ्या खणात प्रोची एक किल्ली पडून होती. किल्ली म्हणजे काय, पंचवीस अक्षरं-आकडे छापलेला एक कागद; ते मशीनमध्ये टाकले की होमचा प्रो होतो. मी तो दिला नाही. कंजूषपणा म्हणशील तर तोही नव्हता. यापा हातात धरता आली पाहिजे, गिऱ्हाईक दारातून बाहेर पडताना चार जणांना दिसली पाहिजे, हे बाबांनी मला दुकानात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. आकड्यांचा कागद घेऊन कोणी खूश झालंय का कधी? मी तिला दोन स्पीकर आणि एक गुलाबी माउस दिला. रक्त तपासायच्या खोलीत स्पीकर कशाला, हे तिनेही विचारलं नाही. ती ते दोन्ही हातांनी छातीशी धरून, देव तुझं भलं करो म्हणत गेली.

पुढचं तू भोगलंस. कार्निव्हलच्या सोमवारी सगळं गाव नदीकाठी एकमेकांना भिजवत असताना चोरांनी तिच्या खिडकीचा गज वाकवला आणि मशीन नेलं. ते कोणाकोणाच्या हातांतून फिरलं देव जाणे, कोणीतरी डिस्क काढून दुसरीकडे जोडली आणि ती पासवर्ड न विचारताच उघडली. शुक्रवारी अकरा नावांची यादी गावातल्या प्रत्येक फोनवर होती. एचआयव्ही झालेल्यांची नावं. त्यात चौथं तुझं. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या, जोव्हानीच्या घरून लग्नाच्या पत्रिका परत आल्या, बेकरीच्या मालकिणीने तू मळलेलं पीठ तुझ्या डोळ्यांदेखत फेकून दिलं. महिनाभरात तू स्पेनला मुर्सियात भाजीच्या पेट्या भरायला निघून गेलीस.

शनिवारी, यादी फिरल्याच्या दुसऱ्या दिवशी, दोन्या ओब्दुलिया माझ्या दुकानात आली. तोंड पांढरंफटक. म्हणाली, "एलाडिओ, तू म्हणाला होतास पासवर्ड पुरे." दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. ती तीन नसती तर मी काय बोललो असतो, याचा मी सहा वर्षं विचार करतोय, आणि खरं सांगू? तेच बोललो असतो. मी म्हणालो, "पुरेच असतो, दोन्या. तुम्ही कोणाला तरी सांगितला असणार." ती हळूच म्हणाली, "लुपेला सांगितला होता." लुपे म्हणजे तिच्या हाताखाली काम करणारी तिची भाची. बस्स. तिघांनी संध्याकाळपर्यंत ते गावभर केलं. दोघींनी मिळून यादी विकून खाल्ली, हे पुढचं लोकांनी आपल्या पदरचं घातलं. तू रडत रडत मला विचारलंस, "खरं का रे, न्यान्यो?" आणि मी, तुझा सख्खा भाऊ, म्हणालो, "दिसतंय तर तसंच."

दोन्याने लुपेला घराबाहेर काढलं. ती ग्वायाकीलला गेली ती पुन्हा फिरकली नाही. लॅब बंद पडली. मी मात्र दुकान चालवत राहिलो. आता कोणी न विचारता मी प्रत्येकाला प्रोच घालून देतो, पण त्याने कोणाचं काय भरून येणार? फादरपुढे कबुली दिली. त्यांनी प्रार्थना सांगितल्या, मी त्या म्हटल्या, घरी येऊन पोटभर जेवलो. स्वतःची एवढी किळस येते की दाढी करताना आरशात बघवत नाही. माझ्यात काही बरं उरलं असेल ही आशा मी सोडली आहे, तूही धरू नकोस.

ती जायच्या नऊ दिवस आधी तिने मला बोलावलं. कागद-पेन माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "तू लिही, मुला, तुझं अक्षर चांगलं आहे. नार्सिसाची माफी मागायची राहिलीय. भावाच्या हातून गेलं तर पोरगी फाडणार नाही." ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. 'चूक माझ्या एकटीची' हे वाक्य तिने दोनदा लिहायला लावलं. माझ्या एका वाक्याने ती थांबली असती. मी खाली तिची सही घेतली, तिने केलेली कॉफी प्यायलो आणि घरी आलो. तो कागद पाठवायचं मी तिला वचन दिलंय, आणि तो एकटा पाठवायला हात धजत नाही, म्हणून हे पत्र. फादरची पुतणी गुरुवारी तिकडे यायला निघतेय, दोन्ही तिच्याकडे देतो. आईला आज मी स्वतः सांगणार आहे. तू डिसेंबरात तिच्यासाठी ये, मी त्या घरात नसेन. ती बाई स्वतःला गुन्हेगार समजत मेली, नार्सिसा. तिला खरं सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता, आणि तो तिच्या शेजारी बसून तिचा माफीनामा चांगल्या अक्षरात उतरवून घेत होता.

तू नाकारलंस तरी तुझाच,
एलाडिओ