पहिली पक्की आवृत्ती आणि आत्याची जुनी मापं

ती. आत्या,

नमस्कार. (साष्टांग घालायचा बेत होता, पण कमरेत उसण भरली आहे, तेव्हा कागदावरच वाकले असं समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? मशीनला मोटर बसवलीस, की अजून पायानेच दामटते आहेस? इकडे सगळे ठीक. आई म्हणते, ही फोन सोडून पत्र लिहायला बसली म्हणजे हिला काहीतरी मागायचं असणार. आईकडे तू लक्ष देऊ नकोस.

विशेष असं, की तुझ्या दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांची मापं नुकतीच कायमची कुलूपबंद होणार होती आणि ती तुझ्या या भाचीने वाचवली. तुला त्याचा पत्ताही नाही. कसा असेल? कॉम्प्युटरच्या पडद्यावर जिथे 'नवी आवृत्ती घ्या' अशी सूचना येते, नेमकं तिथेच तू अस्तराचा तुकडा चिकटवून ठेवला आहेस.

मुळापासून सांगते. माप घातलं की कापडाचे कागदी नमुने काढून देणारा तो प्रोग्राम मी तुझ्यासाठी लिहिला आणि मग ओपन सोर्स केला. म्हणजे कोणीही फुकट घ्यावा, उघडून आतलं बघावं, सुधारावा आणि (हे मला नंतर कळलं) आपल्याला नावं ठेवावीत. आता तो कुठकुठले शिंपी वापरतात आणि आम्ही तिघं तो सांभाळतो: मी, एक दाताचे डॉक्टर आणि बँकेतला एक कारकून, ज्याला आम्ही ठिपका म्हणतो. कारण प्रत्येक आवृत्तीला तीन आकडे असतात, मध्ये ठिपके, आणि हा त्यांचा पहारेकरी. चूक दुरुस्त केली की शेवटचा आकडा वाढतो, नवं काही घातलं की मधला. एकदा मी एक स्वल्पविराम हलवला, तर कोणता आकडा वाढवायचा यावर त्याने मला इतकं लांबलचक लिहून पाठवलं, की ते वाचून होईपर्यंत मी तो स्वल्पविराम गुपचूप परत जागेवर नेऊन ठेवला.

पहिला आकडा मात्र इतकी वर्षं शून्यच. शून्य म्हणजे तुझ्या भाषेत कच्चा टाका: घालून बघा, उसवलं तर आमच्याकडे बोट दाखवू नका. एक म्हणजे पक्की शिवण. एकदा 'एक' म्हटलं की आज उघडणारी फाईल उद्याही उघडली पाहिजे, शब्दच दिला तसा. म्हणून डॉक्टरांचं म्हणणं पडलं, की शब्द देण्याआधी जुनं लोढणं काढून टाकू. जुन्या पद्धतीच्या फायली वाचणारा भागच नको. (धंद्याचा परिणाम. जरा काही दुखलं की त्यांना ते उपटावंसं वाटतं.) मी म्हटलं, अहो, आपले अनेक जुने वापरकर्ते आहेत, त्यांनी कुठे जायचं? आत्या, ते अनेक म्हणजे तू.

मग सूचना लागली: जुन्या फायली वापरणाऱ्यांनी शनिवारच्या आत कळवावं, नाहीतर तो भाग जाईल. कोणीही कळवलं नाही. (अस्तर.) मी मूग गिळून बसले असते, तर तुझ्या गिऱ्हाइकांचे खांदे, कंबरा, बाह्या सगळं आत अडकलं असतं आणि तू मला दुकानाची पायरी चढू दिली नसतीस. म्हणून तू मागे माझ्याकडे जपून ठेवायला दिलेल्या फायलींची प्रत काढली, त्यातली नावं पुसली आणि पुरावा म्हणून सगळ्यांपुढे मांडली. ठिपक्याने त्या नव्या पद्धतीत बदलायला घेतल्या, तर प्रोग्राम आडवाच झाला. कारण 'इतर माप' या चौकटीत आकडा हवा होता आणि तिथे तू गिऱ्हाइकांबद्दलची आपली मतं लिहून ठेवली आहेस. 'माप देताना पोट आत ओढतो, शिवताना बाहेर धरावं.' 'याला बायकोसमोर रंग विचारू नये.' 'बारीक होणार म्हणते. होणार नाही.' (जुन्या प्रोग्रामने हे निमूट गिळलं, कारण आकडा आणि अक्षर यांत फरक करावा हे तेव्हा मला सुचलं नव्हतं.)

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओपन सोर्समध्ये उघड्यावर म्हणजे थेट वेशीवरच. मी राजीनाम्याची वाक्यं जुळवत होते, तेवढ्यात डॉक्टरांचं उत्तर आलं, की सगळ्या फायली वाचल्या, काही वाक्यं दवाखान्यात मोठ्याने वाचून दाखवली, यातलं काहीएक टाकायचं नाही. ठिपका म्हणाला, मग ही चूक नव्हेच, ही नवी सोय, आकडा त्याप्रमाणे. 'शेरा' नावाची चौकट आली, जुन्या फायली वाचणारा भाग राहिला आणि रविवारी दुपारी 'एक' बाहेर पडली. बटण त्यांनी मला दाबू दिलं. मी खुर्चीवरून उठून नाचले (उसण तिथली). मग खिडकीत पाय पसरून नुसती बसून राहिले. कोणी घेतली, कोणी नावं ठेवली, काही बघितलं नाही. इतकं बरं मला फार दिवसांत वाटलं नव्हतं.

गुडघ्यांना जप, आणि माझ्यावर रागावली असलीस तर पुढचं वाचून मग एकदमच रागव.

तुझी लाडकी (असं मीच ठरवलं आहे)
भाची

ता. क. नवी आवृत्ती एवढ्यात घेऊ नकोस. तुझ्या फायली उघडतात, पण दोन्ही बाह्या डाव्या निघतात. ठिपका म्हणतो काळजी नको, शेवटचाच आकडा आहे.

ता. क. २. डॉक्टर आणि ठिपका पुढच्या महिन्यात खास 'जुन्या वापरकर्त्यांना' भेटायला तुझ्या दुकानात येताहेत. मी 'या की' म्हणून बसले. तेव्हा ओळखीच्या चार शिंपिणी गोळा करून ठेव आणि त्यांना निदान माऊस कसा धरतात ते शिकव. ही सगळी पलटण म्हणजे एकटी तू, हे त्यांना कळलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही.

ता. क. ३. त्या दिवसासाठी मला एक बरासा कोट शिवून देशील का? ज्या फायलींसाठी मी एवढी भांडले त्यात माझंही माप आहे, कॉलेजात असतानाचं. ते कृपा करून उघडू नकोस, नव्याने घे. त्याच्यापुढे तू लिहिलेलं मी वाचलं: 'बोलते फार, पण वेळेला उभी राहते. खांद्यात जागा सोडणे.' ते मात्र पुसू नकोस. तेवढंच अजून बसतं.