तुमाले दिसला का?

वणी, रविवार, संध्याकाळ

उपासनेनंतर शांताबाई चर्चमध्येच थांबल्या. कपाशीवर फवारताना विष अंगात भिनून त्यांचा मुलगा विलास गेला, त्याला महिना झाला. बाहेरगावच्या एका प्रचारकानं त्यांना सांगितलं, की दृष्टान्तात त्याला विलास दिसला, पांढऱ्या कपड्यांत, हसताना.

"पास्टर, तुमाले दिसला का माहा विलास?"

हो म्हणणं किती सोपं होतं! ओठांवर आलंही होतं. ती माउली आज पोटभर जेवली असती. पण देवाच्या नावानं खोटं कसं बोलू?

"नाही बाई. मले काहीच दिसलं नाही."

पांढऱ्या कपड्यांत, हसताना... मलाही ते खरं असावंसं वाटत होतं.

"मंग देव तुमच्याशी बोलतच नाही," म्हणाल्या आणि त्या प्रचारकाच्या सभेला निघून गेल्या.

मोह टाळला खरा. नंतर प्रार्थनेला बसलो, तर एक शब्द सुचेना.