तुझ्या सायकलची बॅटरी आणि माझा अँप्लिफायर

संध्या,

तू मेट्रोने घरी पोचशील तेव्हा मी नसेन. बॅटरी संपली म्हणून तू पुलापाशी लावून ठेवलेली तुझी इलेक्ट्रिक सायकल आणायला जातोय.

बॅटरी चार्ज करायला तू विसरली नव्हतीस. काल तू सरलाताईंकडे गेलीस तेव्हा मी ती काढून अँप्लिफायरला जोडली. घरच्या विजेवर स्पीकरमधून सतत घूं घूं येते, बॅटरीवर ती जाते का बघायचं होतं. पार गेली. आवाज इतका स्वच्छ लागला की दुपारभर ऐकत बसलो आणि संपत आलेली बॅटरी तशीच सायकलला बसवून ठेवली.

आज तू समोरच्या वाऱ्यात ती जड सायकल रेटलीस आणि मुलाखतीला वीस मिनिटं उशिरा पोचलीस. फोनवर रडत म्हणालीस, "माझंच चुकलं रे, चार्जिंग बघायला हवं होतं." मला तेव्हाच सगळं कळलं होतं. तरी मी म्हणालो, "असू दे, पुढच्या वेळी लक्षात ठेव."

मुलाखत घेणाऱ्या त्या कंपनीतल्या बाईंना उशिराचं खरं कारण कळव, माझं नाव घालून कळव. भात कुकरमध्ये आहे.

मी आलो की हवं तेवढं बोल. फक्त पुन्हा माझी माफी मागू नकोस.

हेमचंद्र