हळदीचं गाणं आणि मुके स्पीकर

२१ एप्रिल, सोमवार
स्पीकरमधून आवाजच नाही! परवापर्यंत गल्ली हलवत होते. हेडफोनमध्ये मात्र येतोय. जामनेरच्या डीजेवाल्याला २८ला हळदीचं गाणं द्यायचंय, नवरा-नवरीची नावं घालून. माझं पहिलं काम. ढोल नीट बसला नाही तर दुसरं कोण देणार? फोन बहिणीकडे देऊन टाकला. भाविकाला म्हटलं, कोणाचाही आला तरी सांग, दादा कामात आहे.

आई संध्याकाळी शिरपूरहून आली. मोतीलालमामा आजारी, त्यांना बघायला गेली होती. बाबा तिकडेच थांबलेत. न जेवता झोपली.

२२ एप्रिल
वायर बदलली. स्पीकर शेजारच्या निंबाभाऊंच्या टीव्हीला लावून पाहिले — ठणठणीत. म्हणजे दोष कॉम्प्युटरमधल्या या लिनक्स सिस्टीमचाच. जुन्या कॉम्प्युटरवर पळतं म्हणून भाविकाने हौसेने टाकलं. पळतंय, पण मुकं!

२३ एप्रिल
सापडलं. सेटिंगमध्ये हेडफोन चालू, स्पीकर म्यूट. आवाज उघडला. ढोल वाजला, जीव भांड्यात पडला. आई लगेच स्वयंपाकघरातून आली — "कानमा घालीसन ऐक ना रे भाऊ." म्हटलं, डीजे काय लोकांच्या कानात घालणार आहे? ती परत आत गेली.

जेवून आलो — पुन्हा म्यूट.

२४ एप्रिल
वैताग. नुसता वैताग.

२५ एप्रिल
उघडावं, पाणी प्यायला उठावं, परत येऊन बघावं तर बंद. नेटवर कोणी म्हणतो अपडेट, कोणी म्हणतो सगळं पुसून नव्याने टाका. भाविका म्हणते, "होतं असं, दादा. हेडफोनवरच करून टाक." कॉम्प्युटर शिकतेय आणि हे उत्तर! चिडून लिनक्सच काढायला बसलो तर रडायला लागली. एवढं काय त्यात?

२८ एप्रिल
हेडफोनवरच केलं शेवटी, अंदाजाने. पेनड्राइव्ह पोचवला.

अक्षय्य तृतीया, आमची आखाजी, परवावर आली, आईने अजून झोका बांधायचं नाव काढलं नाही. विचारलं तर — "औंदा मन नही लागस रे."

३० एप्रिल, आखाजी
डीजेवाल्याचा निरोप आला, काल हळदीत लोकांनी गाणं परत परत लावायला लावलं. धावत आईला सांगायला गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुना मामा गया रे."

त्या दिवशी शिरपूरला ती भावाला पोचवायलाच गेली होती. स्पीकर भाविका बंद करायची, आईने शिरपूरहून फोनवर सांगितल्यापासून. दुखवट्याच्या घरात गाणं वाजायला नको आणि माझं कामही अडायला नको.

उद्या गंधमुक्ती, दुखवटा सुटायचा. आई आत्ता रडतेय, मोठ्याने.