एक्केचाळीस नंबरच्या कोटातली नाणी

सोमवार, ३ तारीख
आजपासून लाँड्रीत लागलो. या गावात लेकीकडे येऊन आठवडा झाला, नुसतं बसून खाणं मनाला पटत नव्हतं. काम हलकं आहे. कपडे धुवायला टाकण्याआधी खिसे तपासायचे. मालकीणबाईंनी एकच नियम सांगितला: खिशात सापडेल ते इस्त्रीनंतर त्याच खिशात परत, मग ते बसचं जुनं तिकीट का असेना. चौथी शिकलेल्या माणसालाही कळेल इतकं सोपं.

एक्केचाळीस नंबरचा करडा कोट एवढा मोठा, की त्यात माझ्यासारखे दोन मावले असते. त्याच्या खिशात एक जुनं नाणं निघालं. पार झिजलेलं, मधे भोक. चालत नाही ते कोण मागायला येणार, असा विचार करून नातीला दिलं. आठ वर्षांची आहे, बिस्किटांच्या डब्यात जुनी नाणी जमवते. गळ्यातच पडली. आईला सांगू नकोस, म्हटलं. दिवस छान गेला.

सोमवार, १०
तोच कोट, तसंच नाणं. नातीच्या आनंदापुढे नियम राहिला बाजूला. पण कोट सहज अंगावर टाकला तर नेमका माझ्या मापाचा. मालकीणबाई म्हणाल्या, गरम पाण्यात लोकर आटते, तुम्हीही आटलाच आहात की आजोबा. सगळे हसले. मीही हसलो. झोप मात्र लागली नाही.

सोमवार, १७
कोट आज लहान पोराच्या मापाचा. नाणं निघालं तसं खिशात परत ठेवलं. देवाशपथ ठेवलं. घरी आलो तर नात सांगते, दप्तरात ठेवलेलं तिसरं नाणं सापडलं, आजोबा किती गुपचूप ठेवता.

मंगळवार
डब्यातली तिन्ही नाणी नेऊन कोटाच्या खिशात टाकली. पडल्याचा आवाज आला नाही. हात घातला, कोपरापर्यंत आत गेला. तळ नाही. कोट वीतभर रुंद, आणि तळ नाही.
संध्याकाळी डब्यात तिन्ही होती.

बुधवार
मालकीणबाईंना सगळं सांगितलं. आज हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुमच्या आधीच्यानेही एक ठेवून घेतलं होतं. त्याला नातवंडं होती का, विचारलं. त्या इस्त्री तापली का बघायला गेल्या.

गुरुवार, दुपार
लेकीला फोन केला. म्हणाली, बाबा, वयाचं आहे हे, रविवारी डॉक्टरकडे जाऊ. आणि कोट छान आणलात, म्हणाली, सकाळी दाराला टांगलेला दिसला, पोरीला अगदी मापात बसला.
मी आणला नाही. मी कुठे —

गुरुवार, चार वाजता
शाळेतून आली. अंगात तोच. बटणं निघत नाहीत. कात्री लागत नाही. ती हसते, म्हणते गुदगुल्या होतात. खिशातून नाणी काढतेय, एक, आणखी एक —
म्हणते खाली खूप आहेत.

तिचा हात खांद्यापर्यंत आत गेला. आता हसत नाही. शेजारी हाका मारल्या, कुणी नाही. लेक सहाला येते. डाव्या हाताने तिचं दुसरं मनगट घट्ट धरलंय, उजव्याने हे लिहितोय, लेकीला कळावं म्हणून — बाळ, मी सोड