बिब्ब्याचा डाग

११ नोव्हें. ९५, रहिमतपूर
चाईनं टक्कल पडलेल्या जागी आज बारीक पांढरी लव दिसली. कानामागं, रुपयाएवढी जागा. आईला दाखवायला नको होतं. "पांढरं? कोड उठतंय गं बाई," म्हणाली. कोडाला आमच्या घरात सापापेक्षा जास्त भितात.

१४ नोव्हें.
आईनं बिब्बा लावला. चाईला लावूया म्हणून आधीपासून मागं लागली होती, मी टाळत होते. आज सुई तापवून तेल काढलं आणि नेमकं त्या लवेवर... कोडाची धास्ती मलाही होतीच, बसले. आग आग होतेय.

१९ नोव्हें.
बिब्बा उतला. कान सुजलाय, पू येतोय. शाळेत रजा कळवली. बाबा आईशी बोलत नाहीत.

९ डिसें.
खपली पडली. खाली गुळगुळीत, चकचकीत कातडी. लव नाही.

२० डिसें., सांगली
आई सोबत आली. कातडीचे डॉ. म्हणाले, चाईत केस गळतो, पण नवा केस उगवणाऱ्या पेशी कातडीत राखलेल्या असतात, त्या वाचतात. पांढरी लव म्हणजे त्याच कामाला लागल्या होत्या. रंग मागून आला असता. बिब्ब्यानं खोलवर भाजलंय, आता त्या उरल्यात का बघावं लागेल. परदेशात यावर संशोधन चाललंय म्हणे. चालू दे.

आईचा जन्म उसाच्या कांड्यांचं बेणं लावण्यात गेला. म्हणाली, "म्हंजी बेणंच जळालं म्हणा की."

डॉ. पुन्हा डाग बघू लागले.

"मग माजं घ्या. माज्या डोक्यातलं काढा, हिला लावा."

दुसऱ्याचं अंगाला लागत नाही, म्हणाले. तरी विचारतच राहिली. शेवटी माझ्याच डागाचे दोन तुकडे काढून तपासायला पाठवले.

एस्टीत खिडकीकडं तोंड करून बसली. तिच्यावर रागवायचं ठरवून गेले होते. जमलं नाही, त्याचीच चीड येतेय.

२८ डिसें.
निकाल आला. मधल्या तुकड्यात काही नाही. कडेच्या तुकड्यात एखादं मूळ शाबूत दिसतं, पण त्यातून केस येईल का, सांगता येत नाही. डॉ. म्हणाले, थांबा. किती, ते नाही म्हणाले.

७ जाने. ९६
सांगलीहून आल्यापासून आई माझ्या केसांना हात लावत नाही. आज फणी घेऊन तिच्यापुढं बसले. वेणी घाल म्हटलं.

"नगं. माजा हात वंगाळ हाय."

"घाल."

घातली. डागापाशी फणी थांबली. तिचं बोट कडेवरून सावकाश फिरत राहिलं, बराच वेळ. बोटाला लव लागतेय का, मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.